परतीची वाट : जुन्या मोटारसायकलचे दिवे का रुसतात

जुन्या मोटारसायकलचा हेडलाइट मंद झाला की पहिली खरेदी होते ती बल्बची. नवा बल्ब लावल्यावर उजेड थोडा वाढतोही, कारण जुना काढून नवा बसवताना होल्डरमधला गंज जरासा घासला गेलेला असतो. पंधरवड्यात पुन्हा तोच पिवळट, मरगळलेला उजेड. मग बॅटरी बदलली जाते. मग कोणी तरी कॉइल भरून घ्यायला सांगतं. एवढा खर्च होऊनही फरक पडला नाही की ‘जुन्या गाडीचं असंच असतं’ म्हणून विषय संपतो.

हे शेवटचं वाक्य मला अजिबात मान्य नाही. रिफ्लेक्टरची चकाकी शाबूत असेल, तर तीस वर्षांपूर्वीची गाडी शोरूममधून बाहेर पडताना जेवढा उजेड देत होती, जवळपास तेवढा आजही देऊ शकते. बल्ब, बॅटरी आणि कॉइल हे तिघे बहुतेक वेळा निर्दोष असतात. दोष असतो तो त्यांना जोडणाऱ्या वाटेत. वीज बॅटरीतून निघते, बल्बपर्यंत जाते आणि तितकीच बॅटरीकडे परतते. जाण्याची वाट तांब्याच्या वायरची असते, म्हणून सगळे ती तपासतात. परतीची वाट मात्र गाडीच्या लोखंडी सांगाड्यातून जाते. मेकॅनिक तिला ‘अर्थ’ किंवा ‘बॉडी अर्थ’ म्हणतात. ही वाट डोळ्यांना दिसत नाही आणि नेमकी तीच सगळ्यात आधी बिघडते.

या प्रकरणात मी आपल्या रस्त्यांवर अजून भेटणाऱ्या गाड्याच डोळ्यांसमोर ठेवल्या आहेत : म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून १९६१ ते १९९६ या काळात बाहेर पडलेल्या जावा आणि येझ्दी, हेडलाइटच्या डोक्यावर अँपिअर मीटर असलेली जुनी बुलेट ३५०, १९८५ साली आलेली यामाहा आरएक्स १०० आणि १९९४ पासून गावोगाव पोचलेली स्प्लेंडर. वायरिंगचे तपशील गाडीगणिक बदलतात, पण दोष शोधण्याची रीत एकच आहे.

बॅटरीवर की मॅग्नेटवर?

कुठलाही स्क्रू हातात घेण्याआधी एक साधी परीक्षा करावी. चावी फिरवा, इंजिन सुरू करू नका आणि हेडलाइटचा स्विच टाका. हेडलाइट लागला तर तो बॅटरीवर, म्हणजे डीसीवर चालणारा आहे. जुनी बुलेट, जावा, येझ्दी या गाड्या अशा. हेडलाइट लागला नाही, पण हॉर्न वाजतो आणि ब्रेक लाइट लागतो, असं दिसलं तर गाडी मॅग्नेटवर, म्हणजे एसीवर हेडलाइट चालवणारी आहे. स्प्लेंडर आणि आरएक्स १०० यांची गोष्ट अशी. त्यांच्यात क्रँकशाफ्टवर फिरणाऱ्या मॅग्नेटजवळची कॉइल थेट हेडलाइटला वीज पुरवते आणि छोटी बॅटरी हॉर्न, ब्रेक लाइट, इंडिकेटर यांच्यापुरती असते.

या एका परीक्षेने निम्मे गैरसमज मिटतात. एसीच्या गाडीत नवी बॅटरी टाकून हेडलाइट सुधारणार नाही, कारण हेडलाइटचा बॅटरीशी संबंधच नाही. गाडी सिग्नलला उभी असताना उजेड मंदावतो आणि रेस दिली की वाढतो, हा त्या गाडीचा आजार नाही, तिचा स्वभाव आहे. उलट डीसीच्या गाडीत रेस दिल्यावर उजेड फार बदलू लागला, तर बॅटरी थकली आहे किंवा तिची केबल सैल आहे असं समजावं.

मीटर वापरणाऱ्यांसाठी इथे एक सापळा आहे. एसी हेडलाइटचा व्होल्टेज मोजताना मल्टिमीटरचा खटका एसीवर हवा. तो डीसीवर राहिला तर काटा किंवा आकडा शून्याजवळ घुटमळतो आणि माणूस धडधाकट कॉइल मेलेली समजून बाहेर काढतो.

सहा व्होल्टच्या गाड्यांबद्दल दोन शब्द वेगळे सांगायला हवेत, कारण जावा-येझ्दीवर आणि जुन्या बुलेटवर लोकांचा जीव असतो, पण त्यांच्या उजेडाला सगळेच नावं ठेवतात. गणित पाहा. ३५ वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर सुमारे २.९ अँपिअर वीज घेतो, तर ६ व्होल्टवर तेवढ्याच उजेडासाठी ५.८ अँपिअर लागतात. आता वाटेत कुठे तरी गंजामुळे ०.२ ओहमचा अडथळा तयार झाला असं धरू. १२ व्होल्टच्या गाडीत त्या जागी सुमारे ०.६ व्होल्ट खर्च होतात, म्हणजे पाच टक्के. ६ व्होल्टच्या गाडीत त्याच जागी जवळपास १.२ व्होल्ट जातात, म्हणजे एकोणीस टक्के. अडथळा तोच, पण नुकसान चौपट. म्हणून सहा व्होल्टच्या गाडीचा प्रत्येक जोड आरशासारखा स्वच्छ ठेवावा लागतो. ती तशी ठेवली तर तिचा उजेड तिच्या वेगाला पुरतो. तो पुरत नाही म्हणून सरसकट बारा व्होल्टचं वायरिंग करून घेण्याची घाई मला पटत नाही. आधी आहे ते वायरिंग नीट करून पाहावं.

हरवलेले व्होल्ट

बल्बच्या तारेचा एक गुण फार थोड्यांना माहीत असतो. व्होल्टेज थोडा घसरला की उजेड त्याच्या कितीतरी पट घसरतो. ढोबळ नियम असा की उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो. व्होल्टेज दहा टक्के कमी झाला तर उजेड दहा टक्क्यांनी नव्हे, तीस टक्क्यांनी कमी होतो. बाराऐवजी दहा व्होल्ट मिळाले तर उजेड जेमतेम अर्धा राहतो. म्हणूनच एखाद-दुसरा व्होल्ट कुठे गेला याचा शोध घेण्यासारखा असतो.

हा शोध कसा घ्यायचा ते बारा व्होल्टच्या बुलेटवर पाहू. स्वस्तातला मल्टिमीटर पुरतो. हेडलाइट चालू ठेवायचा, कारण वीज वाहत असतानाच अडथळा दिसतो. बॅटरीच्या दोन टोकांवर मीटर धरला. समजा १२.४ व्होल्ट आले. आता हेडलाइट उघडून बल्बच्या होल्डरच्या दोन टोकांवर मीटर धरला, तर १०.४ आले. दोन व्होल्ट वाटेत हरवले आणि उजेड निम्म्यावर आला. ते जाताना हरवले की परतताना? मीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरी होल्डरच्या प्लसवर ठेवली : ०.७. मग एक पिन बॅटरीच्या मायनसवर आणि दुसरी होल्डरच्या अर्थच्या टोकावर : १.३. हिशोब जुळला. जास्तीचा चोर परतीच्या वाटेवर आहे.

नीट वाटेवर अर्थच्या बाजूला ०.२ व्होल्टपेक्षा जास्त आणि प्लसच्या बाजूला अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त तूट दिसू नये. दिसली तर पिन एकेका जोडाच्या अलीकडे-पलीकडे ठेवत पुढे सरकायचं. ज्या जोडावर आकडा एकदम उडी मारतो, तिथे काम आहे. मीटर नसेल तर त्याहून सोपा मार्ग असा : वायरचा एक लांब तुकडा घ्या, त्याचं एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं हेडलाइटच्या अर्थच्या टोकाला लावा. उजेड झटक्यात वाढला तर निदान झालं. नवा बल्ब घ्यायला जाऊ नका.

१.३ व्होल्ट कुठे हरवतात हे समजायला बुलेटच्या हेडलाइटमध्ये डोकवावं लागेल. रिमचा स्क्रू ढिला करून काच, रिफ्लेक्टर आणि रिम एकत्र बाहेर काढली की आत वायरींचा गुंता दिसतो. जुन्या टेपचा चिकट काळा थर बोटांना लागतो. वायरीवरचं प्लास्टिक ऊन आणि उष्णता खाऊन कडक झालेलं असतं आणि वाकवलं की चिरतं. गोळीच्या आकाराचे जोड हाताने ओढले तर काही सहज निसटतात आणि त्यांच्या पितळावर हिरवट कळंक धरलेला असतो. कोकणात आणि गोव्यात, खाऱ्या हवेत, हा कळंक काही पावसाळ्यांतच वायरीच्या आत बोटभर चढतो. प्लास्टिक सोललं तर तांबं चकचकीत लालसर दिसण्याऐवजी काळपट निघतं आणि अशा वायरीला डाखही धरत नाही. तेवढा तुकडा कापून टाकण्यावाचून इलाज नसतो. अँपिअर मीटरच्या पाठीमागचे दोन नटही त्याच वेळी हलवून बघावेत. गाडीतली जवळपास सगळी वीज त्या दोन नटांतून जाते. एक सैल झाला की खड्ड्यात गाडी आपटली तर सगळं एकाच वेळी बंद पडतं, पुढच्या खड्ड्याला पुन्हा सुरू होतं आणि मालक चावीच्या स्विचवर संशय घेत बसतो.

ज्या गाडीत हेडलाइटपासून बॅटरीपर्यंत अर्थची वेगळी वायर नाही, तिथे परतणारी वीज हेडलाइटच्या डब्यातून फोर्कमध्ये आणि तिथून हँडलखालच्या बेअरिंगच्या गोळ्यांमधून चॅसीत जाते. ते बेअरिंग ग्रीसने भरलेलं असतं आणि गोळ्या सतत हलतात. हँडल वळवताना उजेड कमी-जास्त होतो तो बऱ्याचदा यामुळे. उपाय एका वायरीचा आहे : होल्डरच्या अर्थपासून चॅसीवरच्या स्वच्छ घासलेल्या बोल्टपर्यंत किंवा सरळ बॅटरीच्या मायनसपर्यंत जाडसर वायर ओढायची. जुन्या गाडीवर करण्यासारखं एवढं स्वस्त आणि एवढा गुण देणारं दुसरं काम मला माहीत नाही.

रंगकाम करून नवी-कोरी केलेली गाडी घरी आल्यावर तिचे दिवे विचित्र वागू लागतात, हा अनुभव हौशी मंडळींना नवा नाही. कारण साधं आहे. पावडर कोटिंग किंवा जाड रंग वीज अडवतो. पूर्वी जिथे लोखंड लोखंडाला टेकत होतं, तिथे आता दोन्ही बाजूंना रंगाचा थर आला. अर्थच्या बोल्टखालचा, रेग्युलेटरच्या बैठकीखालचा आणि मागच्या मडगार्डच्या जोडावरचा रंग पॉलिश पेपरने खरवडा, बोल्ट आवळा आणि वरून व्हॅसलीनचा पातळ हात फिरवा. रंगाऱ्याला आधीच सांगून त्या जागांवर टेप लावून घेतली तर उत्तम.

मीटर फसवतो तेव्हा

मल्टिमीटर चांगला, पण त्याच्यावर आंधळा विश्वास नको. तो मोजताना जवळपास काहीच वीज ओढत नाही. वायरीतल्या वीस तारांपैकी एकोणीस तुटून एकच उरली असेल आणि बल्ब जोडलेला नसेल, तरी मीटर दिमाखात बारा व्होल्ट दाखवतो. बल्ब लावला की त्या एका तारेला भार पेलवत नाही आणि बल्ब लागत नाही. मग ‘करंट येतोय, पण दिवा लागत नाही’ हे कोडं पडतं. अशा वेळी जुन्या वायरमनचा टेस्ट लॅम्प खरं बोलतो. इंडिकेटरचा बल्ब, होल्डर आणि दोन वायरी, एवढंच त्याचं भांडवल. तो स्वतः वीज खातो, म्हणून अर्धवट तुटलेली वायर त्याच्यापुढे उघडी पडते. बल्ब झगझगीत लागला तर वाट मोकळी, मिणमिणला तर अडलेली. शेतातल्या पाटाला पाणी आहे का हे उगमाजवळ बघून कळत नाही, शेवटच्या वाफ्यात पोचतं का ते बघावं लागतं. टेस्ट लॅम्प तेच करतो.

वायर आतून तुटण्याची ठरलेली जागा म्हणजे हँडलची मान. डावीकडे-उजवीकडे हजारो वेळा वळून तिथल्या तारा एकेक करून तुटतात आणि वरचं प्लास्टिक मात्र शाबूत राहतं. हेडलाइट चालू ठेवून हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूहळू फिरवा आणि दिवा कुठे दचकतो ते पाहा. संशयित वायर दोन्ही हातांत धरून हलकेच ताणली तर तुटलेल्या जागी प्लास्टिक रबरासारखं लांबतं, कारण आत त्याला धरून ठेवणारं तांबं नसतं. तिथे पीळ देऊन टेप गुंडाळू नका. तुकडा कापून त्याच जाडीची नवी वायर डाख लावून जोडा, वर स्लीव्ह चढवा आणि जोड मानेच्या वळणापासून लांब येईल असं पाहा. डाख लावलेला भाग कडक होतो आणि वळणात आला की त्याच्या काठावर वायर पुन्हा तुटते.

रंगांवरून वायर ओळखताना गाडीचं घराणं विसरू नये. होंडाच्या घराण्यात, म्हणजे स्प्लेंडरसारख्या गाड्यांत, अर्थची वायर हिरवी असते आणि काळी वायर चावी फिरवल्यावर जिवंत होते. यामाहात काळी वायर अर्थची असते आणि हिरवी लो बीमची. एका गाडीची सवय दुसरीवर लावली की फ्यूज उडालाच समजा. शिवाय जुन्या ब्रिटिश गाड्यांपैकी अनेकींत चॅसीला बॅटरीचा प्लस जोडलेला असे. म्हणून जुन्या गाडीत नवी बॅटरी बसवण्याआधी कुठली केबल चॅसीला जाते ते बघून घ्यावं. उलटी जोडली तर रेक्टिफायर जागीच जातो.

डिपर आणि इतर स्विच यांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. हाय आणि लो यांपैकी एकच बीम गेला तर बल्बचं ते फिलामेंट किंवा डिपरचा तो कॉन्टॅक्ट. दोन्ही एकाच वेळी गेले तर बल्बपेक्षा आधी वाटेवर संशय घ्यावा. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचे हेडलाइट इंजिनबरोबर आपोआप लागू लागले, त्यामुळे त्यांना चालू-बंदचा स्विच नसतो. जुन्यांना असतो आणि त्यात दर पावसाळ्यात पाणी शिरतं. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून स्विच वीस-पंचवीस वेळा इकडे-तिकडे फिरवला तर बहुतेकदा भागतं. स्विच उघडायचाच असेल तर खाली कापड अंथरा, कारण आत छोटी स्प्रिंग आणि छर्रा असू शकतो आणि तो एकदा उडाला की सापडत नाही.

ब्रेक दाबला की मीटर उजळतो

आता असा एक दोष, ज्याने भल्याभल्यांना घोळवलं आहे. दिवे बंद आहेत. ब्रेक दाबला तर मागचा ब्रेक लाइट लागत नाही, पण पुढे स्पीडोमीटरचा बल्ब अंधुक उजळतो आणि मागे टेल लाइटही मिणमिणतो. किंवा इंडिकेटर दिला की टेल लाइट त्याच्या ठेक्यावर लुकलुकतो. मालकाला वाटतं, वायरी एकमेकींना चिकटल्या. मेकॅनिक ब्रेकचा स्विच बदलतो, मग चावीचा स्विच, आणि वर म्हणतो, “साहेब, पूर्ण वायरिंगच टाकून घ्या.”

वायरी चिकटलेल्या नसतात. टेल लाइटच्या बल्बमध्ये दोन फिलामेंट असतात, टेलसाठी ५ वॅटचं आणि ब्रेकसाठी २१ वॅटचं. बुडाला दोघांची स्वतंत्र टोकं असतात, पण दुसरी बाजू दोघांचीही बल्बच्या धातूच्या टोपीला जोडलेली असते. म्हणजे परतीची वाट दोघांत मिळून एकच : टोपी, होल्डर, मडगार्ड, चॅसी. मडगार्डचा बोल्ट गंजला की ही वाट बंद होते. ब्रेक दाबल्यावर वीज २१ वॅटच्या फिलामेंटमधून टोपीपर्यंत येते आणि तिथे अडते. समोर एकच उघडी वाट दिसते, ती ५ वॅटच्या फिलामेंटमधून उलट दिशेने. त्यातून शिरून ती टेलच्या वायरीने पुढे हँडलपर्यंत जाते आणि त्याच वायरीवर असलेल्या मीटरच्या बल्बमधून चॅसीला मिळते. इतके बल्ब एका माळेत आल्यामुळे वीज तुटपुंजी वाहते. जाड फिलामेंट तापतच नाही आणि बारीक फिलामेंट तेवढे मिणमिणतात. म्हणून ब्रेक मागे दाबला आणि उजेड पुढे पडला.

या दोषावर औषध एकच. टेल लाइटच्या होल्डरपासून चॅसीपर्यंत अर्थची स्वतंत्र वायर ओढा. दोन दिवे एकमेकांच्या कामात लुडबुड करताना दिसले, की त्या दोघांची सामाईक अर्थ शोधायची, हे मनात पक्कं करून ठेवावं. गॅरेजमध्ये पूर्ण वायरिंग बदलायला सांगितलं तर आधी तात्पुरती वायर लावून हा प्रयोग करून दाखवायला सांगा. त्यात दोन मिनिटं जातात.

इंडिकेटरचं दुखणं त्या मानाने सोपं. ते लागतात पण लुकलुकत नाहीत, आणि रेस दिल्यावर लुकलुकू लागतात, तर बॅटरी कमजोर आहे. एकाच बाजूची चाल बदलली तर त्या बाजूचा एक बल्ब गेला आहे किंवा चुकीच्या वॅटचा लागला आहे. जुना फ्लॅशर ठरावीक भारावर चालण्यासाठी बनवलेला असतो, त्यामुळे एलईडीचे बल्ब घातले की त्याची चाल हमखास बिघडते. तेव्हा एलईडीला चालणारा फ्लॅशर घ्यावा.

फ्यूज उडतोय

फ्यूज उडाला की दुसरा घालून बघतात, तोही उडतो, आणि मग सिगारेटच्या पाकिटाची चांदी किंवा वायरीचा तुकडा लावला जातो. हे कृपा करून करू नका. फ्यूजच्या जागी वायर आली की पुढचा फ्यूज म्हणजे तुमचं वायरिंग, आणि ते पेट्रोलच्या टाकीखालून जातं.

शॉर्ट शोधण्याची सुरेख युक्ती अशी : फ्यूज काढा आणि त्याच्या दोन टोकांत २१ वॅटचा बल्ब जोडा. गाडीतले सगळे दिवे बंद ठेवून चावी फिरवा. कुठे शॉर्ट असेल तर हा बल्ब पूर्ण तेजाने पेटतो. वायर जळत नाही, कारण बल्बच वीज पावणेदोन अँपिअरवर रोखून धरतो. गाडीचं इग्निशन बॅटरीवर असेल तर बल्ब तसाही थोडा लागू शकतो. फरक तेजात बघायचा. आता हार्नेस टप्प्याटप्प्याने हलवत जा : हँडलची मान, टाकीखालची क्लिप, सीटखाली जिथे वायरी पत्र्याच्या कडेवर घासतात ती जागा, मागचं मडगार्ड. ज्या ठिकाणी हात लावल्यावर बल्ब विझतो किंवा मंदावतो, तिथे शॉर्ट आहे. हलवूनही काही कळलं नाही तर कपलर एकेक करून काढा. ज्या कपलरनंतर बल्ब विझला, त्याच्या पलीकडच्या शाखेत दोष आहे. गावाकडे महिनोन्‌महिने पडवीत उभ्या असलेल्या गाडीत उंदरांनी कुरतडलेली वायर हे शॉर्टचं नेहमीचं कारण. सीट काढून तिथे आधी पाहावं.

बल्ब का मरतो

मेलेला बल्ब फेकण्याआधी उजेडात धरून बघा. काच स्वच्छ आणि तार एका ठिकाणी नुसती तुटलेली असेल, तर तो हादऱ्याने गेला. हेडलाइट किंवा टेल लाइटचे रबर कडक झाले आहेत का ते पाहा. काच आतून काळी किंवा चंदेरी झाली असेल आणि तारेची टोकं वितळून गोळा झाली असतील, तर त्याला जादा व्होल्टेज मिळाला. काच दुधासारखी पांढरी दिसली तर आत हवा शिरली होती. तो बल्बचाच दोष.

जादा व्होल्टेज हा बल्बचा मोठा शत्रू. पाच टक्के जास्त मिळाला तरी बल्बचं आयुष्य जवळपास निम्मं होतं. बारा व्होल्टच्या डीसी गाडीत इंजिन बऱ्यापैकी वेगात असताना बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. पंधराच्या वर आकडा गेला तर रेग्युलेटर किंवा त्याचीच अर्थ बिघडली आहे. तेराच्या खाली राहिला तर चार्जिंग होत नाही. सहा व्होल्टच्या जावा-येझ्दीत चार्जिंग होत नसेल तर डायनॅमोत कार्बन ब्रश झिजले आहेत का ते आधी पाहावं. इंजिन बंद असताना, रात्रभर विसावलेल्या चांगल्या बॅटरीवर १२.६ ते १२.८ दिसतात आणि १२.२ म्हणजे ती अर्धी रिकामी. बुलेटचा अँपिअर मीटर हीच गोष्ट न मोजता सांगतो. दिवे लावून गाडी उभी असताना काटा मायनसकडे झुकणं ठीक आहे, पण रस्त्यावर वेग घेतल्यावर तो मध्यावर किंवा प्लसकडे यायलाच हवा.

एसीच्या गाडीत हेडलाइट, टेल आणि मीटरचे बल्ब एकाच फटक्यात उडाले, तर नवे बल्ब घालण्याआधी रेग्युलेटर तपासा. तो जादा वीज अर्थला सोडून देऊन बल्ब वाचवत असतो. त्याच्या बोल्टखाली गंज चढला की त्याला सोडायला जागाच उरत नाही. पूर्वीच्या रेग्युलेटर नसलेल्या मॅग्नेटोच्या गाड्यांत तर एक बल्ब गेला की त्याची वीज उरलेल्यांवर पडून एकामागोमाग सगळे जात.

उजेड वाढावा म्हणून जास्त वॅटचा बल्ब घालण्याचा मोह सोडून द्यावा. एसीच्या गाडीत कॉइल ठरावीकच वीज देते. भारी बल्ब लावला की व्होल्टेज बसतो आणि उजेड आधीपेक्षा कमी होतो. डीसीच्या गाडीत १०० वॅटचा बल्ब होल्डर आणि डिपर वितळवतो. साध्या बल्बसाठी घडवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये बाजारातला एलईडी घातला तर प्रकाशाचा उगमबिंदूच हलतो. रस्ता कमी दिसतो आणि समोरच्याचे डोळे दिपतात. डीसीच्या गाडीत खरी सुधारणा हवी असेल तर रिले बसवा. बॅटरीपासून दहा अँपिअरचा फ्यूज, तिथून जाड वायर रिलेला आणि रिलेपासून हेडलाइटला. जुना स्विच मग फक्त रिलेला हुकूम देतो, त्याच्यातून भार जात नाही. दोन्ही बीमसाठी दोन रिले लागतात. काम अर्ध्या दिवसाचं आहे आणि चाळीस वर्षांचा डिपर त्यानंतर बिनघोर चालतो.

पंधरा वर्षांनंतर गाडीची नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवून घेताना आरटीओत दिवे पाहिले जातात, पण त्या दिवसापुरती तयारी करून भागत नाही. हेडलाइट मंद झाला तर चालवणाऱ्याला लगेच कळतं, टेल लाइट आणि ब्रेक लाइट मात्र त्याला कधीच दिसत नाहीत. तेव्हा आठवड्यातून एकदा संध्याकाळी गाडीची पाठ भिंतीकडे करून ती सुरू करा, दिवा लावा, दोन्ही ब्रेक वेगवेगळे दाबा आणि भिंतीवर लाल उजेड दोन्ही वेळा वाढतो का ते मान वळवून पाहा. नाही वाढला तर त्या रात्री गाडी बाहेर काढू नका. आधी टेल लाइटची अर्थ तपासा.